आडव्या पट्ट्यांचा टायर हवाय? आधी माती सांगा

पुण्याच्या नाना पेठेतलं आमचं टायरचं दुकान सासऱ्यांनी सुरू केलं. ट्रक-टेम्पोचं गिऱ्हाईक नवरा बघतो. जीप, थार, जिप्सी, जिम्नी, गुरखा दारात उभी राहिली की काउंटरवर मी. गाडी चालवणारी मुलं मला ताई म्हणतात, त्यांचे वडील वहिनी म्हणतात, आणि हल्ली दोघंही मोबाइलवर एकाच तऱ्हेचा फोटो पुढे करतात. अरुंद, उंच टायर, त्यावर जाड आडव्या पट्ट्या, जुन्या मिलिटरी जीपला असायचा तसला. "असाच पाहिजे." मजा अशी की एके काळी हाच टायर काढून रुंद रेडियल घालायला लोक आमच्याकडे यायचे. काढलेले टायर बैलगाडीला गेले, उरलेले भंगारात.

फोटो बघून मी टायर देत नाही. कुठल्या मातीत जाणार आणि तिथवर कुठल्या रस्त्याने जाणार, हे विचारल्याशिवाय तर अजिबात नाही. दुकानात जे रोज तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे.

हा टायर आला कुठून ते थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज आणि फोर्ड जीपना ६.००-१६ मापाचा टायर असायचा. त्याच्या नक्षीला दिशा नव्हती, म्हणजे पुढे जाताना जेवढी पकड तेवढीच मागे येताना. माग पाहून गाडी कुठल्या बाजूला गेली ते शत्रूला कळू नये म्हणून तशी नक्षी केली, असंही लोक सांगतात. चिखलात फसल्यावर रिव्हर्स मारताना मात्र तिचा खरा उपयोग कळतो. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी विलीज जीप इथे जोडायला सुरुवात केली आणि त्या नक्षीचा टायर आपल्याकडे रुळला. मुळशी-वेल्ह्याच्या वडाप जीपनी त्या अरुंद टायरवर कित्येक पावसाळे काढले. अमेरिकेत जुन्या मड टायरचं घराणं वेगळं. लुईझियानातल्या इंटरको कंपनीचा सुपर स्वॉम्पर टीएसएल हा त्यातला सगळ्यात नावाजलेला. उंच ठोकळे, त्यांच्यामध्ये मोठाल्या मोकळ्या जागा आणि बायस बांधणी, म्हणजे तिरक्या धाग्यांची; रेडियलशी तिचा फरक पुढे सांगते. १९८० मध्ये बीएफ गुडरिचने मड-टेरेन हा रेडियल आणला, पुढे बाकीच्यांनीही तीच वाट धरली, आणि बायस टायर हौशी आणि स्पर्धावाल्यांपुरते उरले. आता तिकडच्या पिकअप ट्रकवाल्यांना जुन्या नक्षीची पुन्हा ओढ लागली आहे, आणि तिकडचे फोटो इकडे यायला वेळ लागत नाही.

आता मातीकडे येऊ.

माझं माहेर पौडच्या पुढे, त्यामुळे पश्चिमेकडच्या चिखलाबद्दल मला कुणी शिकवायला नको. मुळशी, मावळ, वेल्हे, भोर या पट्ट्यात वर तांबडी माती आणि मुरूम, खाली कातळ. जुलैत वरची वीतभर माती राड होते, पण तिच्याखाली कडक तळ असतो. अशा जागी अरुंद टायर राजा. गाडीचं सगळं वजन कमी रुंदीवर येतं, टायर वरची राड कापत खाली जातो, मुरमाला टेकतो आणि तिथे धरतो. रुंद टायर त्याच जागी वरच्या लगद्यावर तरंगतो आणि आडवा घसरत बांधाकडे जातो. अरुंद टायरवर गावातली जुनी जीप शांतपणे चढते आणि मागे रुंद टायरची नवी कोरी गाडी दोर मागत उभी राहते, हे दृश्य आमच्याकडे दर पावसाळ्यात दिसतं. त्यात ड्रायव्हरचा अनुभव असतोच, पण टायरची रुंदीही असते.

पूर्वेला गेलात की हे गणित उलटं होतं. दौंड, इंदापूर, बारामती, शिरूरच्या काही भागात काळी माती. ती पाण्याने फुगते, चिकटते, आणि खाली टेकायला तळ जवळ नसतो. अरुंद टायर तिथे खाली जातो तो जातच राहतो, डिफ, म्हणजे आसाच्या मधला गिअरचा गोळा, टेकेपर्यंत. त्यातून काळी माती नक्षीत अशी भरते की चाकाच्या एकदोन फेऱ्यांत कुठलाही मड टायर गोटा झालेल्या टायरइतकाच निकामी होतो. ती झटकायला ठोकळ्यांमधल्या जागा रुंद आणि उघड्या हव्यात, आणि चाकाला थोडा वेगही हवा. सुपर स्वॉम्परसारख्या नक्षीचा जन्म अशाच दलदलीसाठी झाला. मिलिटरी पट्टीच्या टायरमध्ये फटी तुलनेने अरुंद असतात, त्या काळ्या मातीत लवकर बुजतात. बारामतीकडचं गिऱ्हाईक पट्टीचा टायर मागायला आलं तर मी सरळ नाही म्हणते. आणि खरं सांगायचं तर काळ्या मातीवर सगळ्यात चांगला उपाय टायरचा नाहीच, वाफसा यायची, म्हणजे माती पुरेशी सुकायची, वाट बघायची. तिथला शेतकरी ट्रॅक्टर घालत नाही अशा दिवशी तुमची हौसेची गाडी कशाला घालता?

भातखाचरांचा विषयच नको. चिखलणी केलेलं खाचर म्हणजे कुणाचं तरी वर्षाचं पीक. त्यात चाक घालून काढलेले व्हिडिओ मला दाखवायला आणू नका. बांध फुटला की पाणी निघून जातं आणि खालचं खाचरही बिघडतं. गावातली वाट, ओढ्यातला उतार, स्वतःची किंवा परवानगी घेतलेली जमीन, एवढ्यावरच खेळायचं.

तिसरी जागा म्हणजे ओला कातळ. पावसाळ्यात आपल्या सह्याद्रीत शेवाळलेला काळा दगड जागोजागी लागतो. इथे आडव्या पट्टीचा टायर फसवतो. जुन्या तऱ्हेच्या टायरचं रबर बऱ्याचदा कडक, ठोकळे मोठे, त्यावर बारीक चिरा नाहीत, त्यामुळे दगडाला चिकटायला धार कमी. हवा कमी केलेला, मऊ रबराचा रेडियल तिथे कितीतरी बरा. तुमची वाट निम्मी चिखलाची आणि निम्मी दगडाची असेल तर जुन्या नक्षीचा हट्ट सोडा.

आता रस्ता. ताम्हिणीला जाऊन यायचं म्हणजे चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड धरून शंभराहून जास्त किलोमीटर डांबर. त्या दिवसात खरा चिखल लागतो तो जेमतेम दोन-तीन किलोमीटर. म्हणजे टायर घेताना तुम्ही खरं तर ओल्या डांबरावरची गाडी विकत घेताय. ठोकळ्यांचा टायर ओल्या डांबरावर रबर कमी टेकवतो, ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते, आणि घाटातल्या वळणावर मागचं टोक आधी निसटतं. आवाजाचं तर बोलायलाच नको. हल्लीच्या मड-टेरेनमध्ये ठोकळ्यांची मापं मुद्दाम कमीजास्त ठेवतात म्हणजे आवाज एका सुरात साचत नाही. जुन्या नक्षीत सगळे ठोकळे एका मापाचे, त्यामुळे साठच्या पुढे घुं घुं सुरू होतं आणि मागच्या सीटवरच्या सासूबाई काय म्हणतात ते ऐकू येत नाही. काही गिऱ्हाइकांना हा फायदा वाटतो.

बायस आणि रेडियलमधला फरक समजून घ्या, कारण जुन्या नक्षीचे बरेच टायर बायस असतात. बायसमध्ये नायलॉनचे धागे तिरके, एकमेकांना छेदत, थरावर थर टाकलेले असतात आणि तेच थर बाजूच्या भिंतीतही उतरतात. म्हणून भिंत जाड आणि दगडाच्या धारेला दाद न देणारी. रेडियलचे धागे सरळ आडवे जातात, वर स्टीलचा पट्टा, भिंत पातळ आणि लवचिक. रेडियल रस्त्यावर सपाट टेकतो, थंड चालतो, जास्त टिकतो. बायस तापतो, लवकर झिजतो, आणि रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर बैलगाडीसारखी धपधप करते, कारण खालची बाजू जराशी चपटी होऊन बसलेली असते. गरम झाल्यावर ते जातं. घाबरून अलाइनमेंटला पळू नका.

माझा हिशोब असा. रोज हिंजवडीला ऑफिसला जाणारी थार असेल तर ऑल-टेरेन रेडियल घ्या आणि गप्प बसा. महिन्यातून एखाद-दोनदा मावळात फिरणारी गाडी असेल तर आधुनिक मड-टेरेन रेडियल. गाडी जुनी जीप असेल, म्हणजे एमएम ५४० किंवा सीजे तऱ्हेची, वेग साठ-सत्तरच्या पुढे जात नसेल आणि पश्चिमेचा चिखल खेळायचा असेल, तर पट्टीचा बायस टायर त्या गाडीला शोभतो आणि कामही करतो. नवी गाडी आणि जुनी नक्षी हेच नक्की असेल तर चाकांचे दोन संच ठेवा, वेगळ्या रिमवर. एक रस्त्याचा, एक पावसाळी. जागा लागते, पैसे लागतात, पण दोन्हीकडचं दुखणं वाचतं.

मापाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ६.००-१६ मध्ये ६ म्हणजे रुंदी इंचात आणि १६ म्हणजे रिम. मधे आडवी रेघ असेल तर बायस, आर असेल तर रेडियल. नव्या पद्धतीत २४५/७५ आर १६ म्हणजे २४५ मिलिमीटर रुंदी, भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रेडियल, १६ इंची रिम. यातून चाकाची एकूण उंची काढता येते. जिप्सीचा २०५/७० आर १५ उभा केला तर सुमारे ६६८ मिलिमीटर भरतो. त्या जागी २१५/७५ आर १५ घातला तर ७०३ च्या आसपास. साधारण पाच टक्के वाढ, म्हणजे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ ने पळत असते. आणि इतकं करून डिफ वर उचलला गेला किती? वाढीच्या निम्मा, अठरा मिलिमीटरच्या आत. उंच टायर घालून गाडी उडायला लागेल अशी कल्पना असेल तर हा आकडा लक्षात ठेवा. गिअर मात्र जड होतात, ब्रेकला जास्त जोर लागतो, आणि पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर टायर मडगार्डच्या आत घासतो तो वेगळाच. घेण्याआधी स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून, एक चाक दगडावर चढवून बघा. सपाट जागेवर न घासणारा टायर चाक वर गेल्यावर घासतो.

एक खास नाना पेठी युक्ती आहे, तिच्यापासून लांब राहा. ट्रक-टेम्पोच्या धंद्यात पुढे रिब, म्हणजे उभ्या रेघांचा, आणि मागे लग, म्हणजे जाड आडव्या ठोकळ्यांचा टायर घालतात. तो लग टायर दिसायला अगदी जुन्या मड टायरसारखा, सोळा इंची रिमच्या मापात मिळतो आणि स्वस्तही पडतो. पण ७.५०-१६ चा सोळा पीआरचा (पीआर म्हणजे थरांच्या ताकदीचा आकडा) टायर माल भरलेल्या टेम्पोसाठी बनवलेला आहे. दीड टनाच्या जीपखाली तो दबतच नाही. हवा कमी केली तरी भिंत ताठ, जमिनीला टेकतो फक्त मधला पट्टा, आणि प्रत्येक खड्डा थेट कंबरेत. वर त्याचं वजन स्टिअरिंग आणि बेअरिंगांना सोसावं लागतं. जुन्या जीपला सहा किंवा आठ पीआर पुष्कळ झालं.

भिंतीवरचे बाकीचे आकडेही वाचा. रेडियलवर १०४ असेल तर एक टायर ९०० किलो उचलतो, १०० असेल तर ८००. त्याच्या शेजारी वेगाचं अक्षर असतं: जे म्हणजे १००, के ११०, एल १२०, क्यू १६० किलोमीटर ताशी. मड-टेरेन बहुतेक क्यू असतात. जुन्या तऱ्हेच्या टायरवर जे किंवा के दिसलं तर ते द्रुतगती मार्गासाठी नाहीत एवढं समजा. आयएसआयचा शिक्का बघा, तो आपल्याकडे सक्तीचा आहे. जून २०२० मध्ये केंद्राने टायरची आयात परवान्याखाली आणली, तेव्हापासून मलेशिया-थायलंडचे टायर पूर्वीसारखे सहज येत नाहीत. कुणी परदेशी जुन्या नक्षीचा टायर भलत्याच स्वस्तात देत असेल तर तो किती वर्षं कुठल्या गोदामात पडून होता ते विचारा.

ते विचारायचीही गरज नाही, टायरच सांगतो. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. लष्कराच्या लिलावातून किंवा जुन्या बाजारातून आलेला "एकदम नवा, कधी चढवलाच नाही" असा टायर पुष्कळदा दहा-बारा वर्षांचा निघतो. त्याचे ठोकळे उंच दिसतात, पण ठोकळ्याच्या मुळाशी बघा. टायर दोन्ही हातांनी जरा वाकवून ठोकळे फाकवले की तळाशी बारीक भेगा दिसतात. दिसल्या तर घरी नेऊ नका, कुंडी करायची असेल तर गोष्ट वेगळी. नखाने रबर दाबा. नख अजिबात रुतत नसेल तर ओल्या रस्त्यावर तो साबणाच्या वर घसरेल. जुना टायर घासून नवी खाच पाडलेलाही बाजारात येतो. खाचेच्या तळाशी धागा दिसत नाही ना, हे उजेडात बघा. झिजेची कायदेशीर मर्यादा चारचाकीला १.६ मिलिमीटर आहे, पण चिखलात मड टायर त्याच्या कितीतरी आधी निकामी होतो. ठोकळा निम्मा झाला की चिखलापुरता तो संपला.

रबर चढवलेला, म्हणजे रिट्रेड, मिळतो. ट्रकच्या मागच्या चाकाला चालतं ते जीपच्या पुढच्या चाकाला चालतंच असं नाही. माझ्या दुकानातून पुढच्या चाकाला रिट्रेड जात नाही, वाद घातला तरी.

कायद्याचंही बोलून टाकते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या गाडीत मनाने बदल करू देत नाही. टायर मडगार्डच्या बाहेर आला, माप कंपनीच्या यादीत नसेल, तर पोलिसांचा प्रश्न वेगळाच, अपघात झाल्यावर विमा कंपनी काय म्हणेल तो मोठा. गाडीच्या पुस्तकात एकापेक्षा जास्त मापं दिलेली असतात. त्यातलंच एखादं माप मड नक्षीत मिळतंय का ते आधी शोधा.

बसवताना काय बघायचं ते आमचे फिटरमामा चांगलं सांगतात, त्यांच्याकडूनच मी शिकले. जुन्या जीपचं रिम ट्यूबसाठी बनवलेलं असतं. टायरचा काठ धरून ठेवणारा उंचवटा त्यात नसतो. म्हणून त्यावर ट्यूबलेस टायर ट्यूबशिवाय बसवून चिखलात हवा कमी केली की टायर रिमवरून उतरतो. ट्यूब घालायची, आणि टायर नवा तर ट्यूबही नवी. घडी पडलेली जुनी ट्यूब आत घातली की त्याच घडीवर ती फाटते. चढवण्याआधी रिमची आतली बाजू तारेच्या ब्रशने घासून गंज काढा, आत टाल्क मारा. जुन्या लष्करी जीपचं रिम काही वेळा दोन तुकड्यांचं, बोल्टने जोडलेलं असतं. त्यात हवा असताना ते बोल्ट कधीही सैल करायचे नाहीत. चाक उतरवण्याचे नट कुठले आणि रिम जोडणारे बोल्ट कुठले हे माहीत नसलेल्या पंक्चरवाल्याच्या हातात ते चाक देऊ नका. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या, मग पान्याला हात.

पाचही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे, एकाच वेळी घेतलेले. स्टेपनी धरून पाच. एका आसावर बायस आणि रेडियल मिसळायचे नाहीत. जुन्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा आस एकमेकांना कडक जोडले जातात, मधे फरक सांभाळायला काही नसतं. पुढच्या-मागच्या टायरचा घेर वेगळा असला की गिअरपेटीवर पीळ बसतो, लो, म्हणजे कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरमधून लीव्हर निघता निघत नाही. कडक डांबरावर फोर बाय फोर लावून फिरू नका म्हणतात ते याचसाठी.

बॅलन्सिंगला वजन जास्त लागेल. बायस लग टायर कधीच काट्यावर बसत नाहीत, त्यामुळे शंभरला थरथर राहणार हे धरून चाला. खूपच वजन लागत असेल तर टायर रिमवर अर्धी फेरी फिरवून परत बसवायला सांगा, बऱ्याचदा काम होतं. नट पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. पहिले काही दिवस जोरात ब्रेक नको, साच्याचं तेलकट पापुद्रं टायरवरून जाऊ द्या.

चिखलात उतरायच्या आधी हवा. रस्त्यावर दाराच्या चौकटीवरची पट्टी सांगते तेवढी. चिखलात रेडियल असेल तर १८ ते २० पीएसआयपासून सुरुवात करा. हलकी जिप्सी किंवा जिम्नी १५-१६ वरही छान चालते. बायस भिंतीला दबायला आणखी खाली यावंसं वाटतं, पण आत ट्यूब असेल तर तिथेच धोका आहे. हवा कमी झाली की जोर देताना रिम फिरतं, टायर मागे राहतो, ट्यूब टायरबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. म्हणून उतरण्याआधी रिमपासून टायरपर्यंत खडूची एक आडवी रेघ मारा. एखादी चढण झाली की खाली उतरून बघा. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे रिमवरचा भाग एकीकडे आणि टायरवरचा दुसरीकडे, तर दोन-तीन पीएसआय वाढवा. बाहेर आल्यावर हवा भरायला बॅटरीवरचा कंप्रेसर गाडीत ठेवा. कमी हवेवर पौडपर्यंत येतो आणि पंपावर भरतो, असं म्हणणाऱ्यांचे टायर भिंतीतून फुगलेले माझ्याकडे येतात.

गाडी चालवताना लो लावा, दुसरा गिअर धरा, चिखलाच्या आधीच. मधे जाऊन लीव्हर शोधू नका. एक्सिलरेटर एका जागी ठेवा. गती तुटायला लागली की स्टिअरिंग थोडं डावीकडे-उजवीकडे हलवत राहा. टायरच्या खांद्यावरचे ठोकळे कडेची माती धरतात आणि गाडी पुष्कळदा निघते. चाक फिरतंय आणि गाडी जागची हलत नाही असं झालं की लगेच पाय काढा. त्यापुढचा प्रत्येक फेरा फक्त खड्डा खणतो. आल्या वाटेने मागे घ्या, तिथे चाकोरी तयार आहे. आडव्या पट्टीचा टायर याच वेळी आपलं मोल दाखवतो, कारण मागे येतानाही तो तेवढाच ओढतो. बाणाच्या नक्षीचे, एकाच दिशेचे टायर रिव्हर्समध्ये निम्मे होतात. चाकोरी खोल असेल आणि मधला उंचवटा डिफला लागत असेल तर चाकोरीत उतरू नका, एक चाक मधे आणि एक कडेला ठेवून जा.

घरी आल्यावर पाइप घ्या आणि रिमची आतली बाजू धुवा. बाहेरची नव्हे, आतली. आत साचलेला चिखल वाळला की रस्त्यावर सत्तरला गाडी थडथडायला लागते आणि लोक अलाइनमेंट, बॅलन्सिंग, बॉल जॉइंट असं सगळं करत बसतात. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये थरथरीची तक्रार घेऊन आलेल्या गाडीला आधी पाण्याचा पाइप दाखवतो, मग मशिन. ठोकळ्यांमधले खडे पेचकसाने काढा, बाभळीचे काटे बघा. भिंतीवर कापल्याची खूण असेल आणि आत धागा दिसत असेल तर तो टायर स्टेपनीलाही ठेवू नका. भिंतीचं पंक्चर कुणी काढून देतो म्हणाला तर नमस्कार करून पुढे जा.

पाच हजार किलोमीटरला टायर फिरवा, स्टेपनी धरून. दिशा नसलेल्या नक्षीत उजवं-डावं अदलाबदल करायला अडचण नाही. मड टायर एका जागी राहिले की ठोकळ्यांच्या कडा एकीकडून झिजतात आणि आवाज आणखी वाढतो.

पावसाळी संच ऑक्टोबरमध्ये काढाल तेव्हा धुऊन, कोरडा करून, प्रत्येक टायरवर खडूने जागा लिहा: पुढे डावा, मागे उजवा. सावलीत ठेवा. ओझोन रबर खातो, म्हणून विजेच्या मोटरच्या किंवा वेल्डिंगच्या शेजारी ठेवू नका. रिमसकट असतील तर हवा निम्मी करून एकावर एक आडवे. नुसते टायर उभे ठेवा आणि महिन्यातून एकदा थोडे फिरवा. चकाकीसाठी तेल किंवा डिझेल चोळायचं नाही, त्याने रबर फुगतं. आणि पुढच्या वर्षी चढवायला जूनच्या पहिल्या पावसाची वाट बघू नका. त्या आठवड्यात मुळशी-ताम्हिणीकडे निघालेलं अख्खं पुणं आमच्या दारात असतं. मेच्या मध्यात या, मामांना वेळ असतो.